दौत, दौती, दिवीत

मामाच्या दुकानात लक्ष्मीपूजनाला अजून दौत मांडतात. पितळेची, बसक्या पोटाची, झाकणाला बारीक साखळी. आत शाईचा थेंब नसतो. बेळगावच्या खडेबाजारात मामाचं वह्या-कागदांचं दुकान आहे. हिशेब कधीच कॉम्प्युटरवर गेला, पावती मशिनातून निघते, तरी दिवाळीला पाटावर कोरी खतावणी, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक, शेजारी बोरू आणि ती रिकामी दौत.

गेल्या दिवाळीला मी या पूजेला फोनवरून हजर होतो. मी असतो बुर्साला, तुर्कस्तानात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शिकलेलं ओतकाम इथल्या मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात पोटाला घालतं. तिकडं सात वाजले होते, इथं साडेचार, पाळी बदलायची वेळ. मामीनं फोन गल्ल्याला टेकवून ठेवल्यामुळं मला निम्मा पाट आणि निम्मा पंखा दिसत होता. आवाज मात्र सगळे येत होते.

मामा म्हणाला, "भटजी, दौतीला फूल वाहायचं राहिलं." त्यावर मामेभाऊ उसळला. त्याला सध्या भाषाशुद्धीनं झपाटलंय. "दौत काय म्हणताय बाबा? यवनांचा शब्द तो. मसीपात्र म्हणा." भटजी शांत होते. "मंत्रात मषीच आहे रे. दौत मी कुठं म्हणालो? ते तुझे वडील म्हणतात." तेवढ्यात शेजारचे कापडवाले काका, लिंगायत, गेली तीस वर्षं मामाच्या पूजेला प्रसादासाठी न चुकता येणारे, ते हसत कन्नडात म्हणाले, "दौती अंद्र नम्म शब्द री." दौती म्हणजे आमचाच शब्द की हो.

झालं. शब्दावरून गाडी पाटीवर आली. दुकानांच्या पाटीवर साठ टक्के कन्नड, आणि तेही वरच्या अर्ध्या भागात, असा कायदा कर्नाटकानं २०२४ मध्ये केला. मामाची पाटी त्यात बसत नाही. पाटीवरून गाडी सीमाप्रश्नावर, म्हणजे १९५६ वर, महाजन आयोगावर, सुप्रीम कोर्टातल्या २००४ च्या दाव्यावर. आरती कधी झाली मला कळलंच नाही.

पाळी संपवून घरी येताना मी त्या शब्दाचाच विचार करत होतो, कारण तो शब्द मला आठवडाभर आधी इथं भेटला होता.

बुर्साच्या जुन्या बाजारात एक तांब्यापितळेचा दुकानदार आहे. त्याच्याकडं एक लांबट पितळी नळी होती, आणि तिच्या टोकाला बाजूनं डकवलेली झाकणाची कुपी. मला वाटलं, सुरमेदाणी. तो म्हणाला, "दिवीत." नळीत बोरू ठेवायचे, कुपीत शाई, आणि सगळं कमरेच्या शेल्यात खोचून कारकुनानं कचेरीला निघायचं. दिवीत हा आपल्या दौतीचा सख्खा भाऊ. मूळ अरबी 'दवात'. फारसीत दवात, हिंदी-उर्दूत दवात, बंगालीत दोयात, मराठीत दौत, कन्नडात दौती, तुर्कीत दिवीत. तुर्कांबरोबर तो बाल्कनात गेला. सर्बियन आणि बल्गेरियन लोकही दिवीतच म्हणतात. मलायात दवात म्हणजे थेट शाई झाली, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत 'दवाती' म्हणजे लिहायचं मेज. कैरोच्या ममलूक सुलतानांच्या दरबारात तर 'दवादार', म्हणजे सुलतानाची दौत सांभाळणारा, हा बड्या सरदारांपैकी एक असे. पाणक्याला मंत्री केलं तर आपण हसू. दौतवाल्याला केलं तर कुणी हसलं नाही.

एक गंमत मला भावते. अरबीत हा शब्द स्त्रीलिंगी. फारसी आणि तुर्की या दोन्ही भाषांना लिंगच नाही. म्हणजे वाटेत त्याचं बाईपण गळून पडायला हवं होतं. पण मराठीत उतरला आणि पुन्हा 'ती दौत'! दौलत, इज्जत, हरकत, किंमत यांच्या पंगतीत बसून. कन्नडात मात्र 'अदु', ते. मामाच्या पाटावरची एकच वस्तू, आम्हाला बाई वाटते आणि कापडवाल्या काकांना नपुंसकलिंगी.

आता मामेभावाच्या मसीपात्राकडं येतो. कापडवाल्या काकांच्या घरी शाईला रोज काय म्हणतात? मसि. कन्नडात मसि म्हणजे काजळी आणि मसि म्हणजेच शाई. दौतीला दुसरा शब्द आहे मसिकुडिके, शाईचं मडकं. म्हणजे आमचा हा पठ्ठ्या यवनांच्या तावडीतून मराठी सोडवायला निघाला आणि थेट शेजारच्या दुकानात पोचला. आणि काका, ज्यांनी अभिमानानं मसि म्हणायला हवं होतं, ते अरबी शब्दाला 'नम्म' म्हणून छातीशी धरून बसले. मला फोनवरून हे ओरडून सांगायचं होतं, पण तोवर मामीनं फोन फराळाच्या ताटाखाली सरकवला होता.

दौत दोघांनाही 'आपली' वाटते यात नवल नाही. ती आमच्या मुलखात एकाच दरवाजानं आली. १४७२ च्या सुमाराला बहमनी वजीर महमूद गावाननं बेळगावचा किल्ला घेतला. हा गावान मूळचा इराणातल्या गिलानचा, आणि तलवारीपेक्षा लेखणीचा माणूस. त्यानं लिहिलेल्या फारसी पत्रांचा संग्रह आहे, आणि त्यात उस्मानी सुलतान दुसरा महंमद याला लिहिलेली पत्रंही आहेत. आणखी एक गोष्ट मला इथं आल्यावर कळली आणि त्या रात्री झोप लागली नाही. हलील इनालजिक या तुर्की इतिहासकारानं बुर्साच्या काझीची जुनी दप्तरं चाळली, तर त्यात याच महमूद गावानच्या गुमास्त्यांच्या नोंदी निघाल्या. हिंदुस्थानी कापड घेऊन ते विकायला इथं आले होते. बेळगाव ते बुर्सा ही वाट मी पहिल्यांदा तुडवतोय असा माझा समज होता!

गावानचा शेवटही शाईनंच केला. विरोधकांनी त्याच्या मोहरेचा कोरा कागद मिळवला, त्यावर फितुरीचं पत्र लिहिलं, आणि १४८१ मध्ये सुलतानानं त्याचं डोकं उडवलं. कोऱ्या कागदावर सही देऊ नये हे आमचा आज्जा सांगायचा, त्याला गावान ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

पुढं विजापूरची आदिलशाही. पहिल्या इब्राहिम आदिलशहानं जमाखर्च फारसीतून काढून देशी भाषेत आणला आणि ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिला, असं त्या काळचा इतिहासकार फिरिश्ता लिहितो. भाषा बदलली, पण कचेरीची शब्दसंपत्ती जागच्या जागी राहिली. म्हणून आज मराठीत जिल्हा, तालुका, अर्ज, दाखला, कागद, कचेरी, रयत, कारखाना, आणि कन्नडात जिल्ले, तालूकु, अर्जि, दाखले, कागद, कचेरी, रैत, कारखाने. सीमाप्रश्नाचा अख्खा खटला, दोन्ही बाजूंचा, याच शब्दांत लढला जातोय. ते काढून घेतले तर ना कर्नाटकाला उत्तर देता येईल, ना महाराष्ट्राला दावा लावता येईल.

शुद्धीचा प्रयत्न आपल्याकडं झाला नाही असं नाही. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश केला, चौदाशेच्या आसपास दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव. राजाच्या तोंडी आपली भाषा हवी, हा बाणा मला आजही मोठा वाटतो. पण मुख्य प्रधानाचा वंश पुण्यात बसला तेव्हा त्याच्या राज्याला लोक काय म्हणाले? पेशवाई. फडणीस, चिटणीस, पोतनीस तर आडनावं होऊन मतदारयाद्यांत बसले. सावरकरांच्या शब्दांतले काही मात्र रुजले. महापौर रुजला, दिनांक रुजला. महापौर तर इतका, की कन्नडनंही तो घेतला. म्हणजे शुद्धीकरण सगळंच वाया जातं असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की शब्दाची जात विचारून भाषेचा खटला जिंकता येत नाही.

यात तुर्कस्ताननं जेवढं करून पाहिलं तेवढं कुणी केलं नसेल. तारीख बघा: १ नोव्हेंबर १९२८. त्या दिवशी इथल्या संसदेनं अरबी लिपी टाकून लॅटिन लिपीचा कायदा केला. आमच्याकडं १ नोव्हेंबर म्हणजे १९५६ ची भाषावार प्रांतरचना. बेळगावात एका गल्लीत राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसरीत मराठी माणसांचा काळा दिवस. २०१४ मध्ये बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं तेही १ नोव्हेंबरलाच. अक्षरांचं आणि या तारखेचं काय वाकडं आहे कोण जाणे.

लिपीनंतर इथं शब्दांवर पाळी आली. १९३२ मध्ये भाषेसाठी संस्थाच काढली आणि अरबी-फारसी शब्द खुरपायला घेतले. शाळेचं मेक्तेप गेलं, ओकुल आलं. पण कालेम, म्हणजे आपलं कलम, हललं नाही. कागद हलला नाही, हिशेब हलला नाही, दुकान आणि बाजार हलले नाहीत. सकाळी बसमध्ये मला निम्मी तुर्की त्यामुळंच कळते. आणि दिवीत? तो शब्द गेला, पण कुठल्या संस्थेनं घालवला नाही. पोटात शाई असलेलं पेन आलं, त्याला तुर्क 'दोल्मा कालेम' म्हणतात, भरलेलं पेन, भरल्या वांग्यासारखं. ते खिशाला लागलं आणि कमरेचा दिवीत गळून पडला. बेळगावातही दौत मेली ती शाळेत टाकाच्या जागी पेन आलं तेव्हा. कुणा शुद्धिवाद्यानं तिला हात लावण्याआधीच.

या खुरपणीची किंमत मी एकदा पाहिली. बुर्साच्या मुरादियेत उस्मानी राजपुत्रांच्या कबरी आहेत, चिनारांच्या सावलीत. माझा तुर्क सहकारी मला दाखवायला घेऊन गेला. दगडावर सुंदर अक्षरं होती. मी विचारलं, काय लिहिलंय? तो म्हणाला, "मला काय माहीत?" आमच्याबरोबर तब्रीझचा एक इराणी इंजिनीअर होता. आपल्या बापजाद्यांच्या कबरीवरची अक्षरं तुर्काला परक्यानं वाचून दाखवली. अतातुर्कांनी १९२७ मध्ये सहा दिवस जे भाषण केलं, तेही आजच्या पोरांना कळावं म्हणून सोप्या तुर्कीत पुन्हा लिहावं लागलं आहे.

मी त्याला हसलो असतो. पण माझ्या घरी लोखंडी पेटीत आज्ज्याच्या जमिनीचं खरेदीखत आहे, मोडीत. ते मला वाचता येत नाही, माझ्या बाबांनाही येत नव्हतं. आमच्यावर कुणी कायदा लादला नव्हता. आम्ही ते आपणहून, झोपेत, गमावलं. आणि त्याच जमिनीचा आजचा उतारा कन्नडात निघतो, तो मी बोट लावून लावून वाचतो. मधल्या तीन पिढ्यांत एकाही माणसाला आपल्या जमिनीचे सगळे कागद वाचता आलेले नाहीत.

माझं दुखणं इथं आहे, दौतीत नाही. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या मराठी म्हातारीला पेन्शनीचा कन्नड कागद हातात पडतो आणि तो वाचून घ्यायला ती बसस्टँडवर कुणाला तरी गाठते. घटनेचं ३५० वं कलम सांगतं की आपली तक्रार माणसाला राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येते. ३५० अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायला सांगतं. यासाठी भांडायला हवं, आणि ते भांडण न्याय्य आहे, असं मी इथल्या कुठल्याही कन्नडिग मित्राला तोंडावर सांगतो. पण आम्ही भांडतो कशावर? पाटीवर. ती काळी करायची, मग त्यांनी आमची काळी करायची. शाईला आमच्याकडं हाच एक सार्वजनिक उपयोग उरलाय. दुसरा निवडणुकीचा: बोटाला लावायची ती न पुसणारी शाई १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते. सीमावासीयाचं मतही, महाराष्ट्रातल्या मंत्र्याचं मतही, कर्नाटकाच्या शाईनंच पक्कं होतं. याविरुद्ध कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

"तिकडं बसून बोलायला तुझं काय जातंय?" असं मामा म्हणतो. खरं आहे, काही जात नाही. उलट मला इथं अडचणीचाच प्रश्न पडतो. परवाना, घरभाडं, दवाखाना, सगळे कागद तुर्कीत, आणि मी हूं की चूं करत नाही. शपथेवरच्या दुभाष्याला लिरा मोजतो आणि गप्प सही करतो. तीन वर्षांत तुर्की शिकलो. मग बेळगावात जन्म काढून कन्नड मोडकंच का? पाहुण्याला यजमानाची भाषा शिकावी लागते आणि घरच्याला घरात हक्क असतो, हे उत्तर मी स्वतःला देतो, आणि ते चूकही नाही. पण पुरतं नाही. कारण गल्लीत खेळताना कानावर पडलेल्या त्या मोडक्या कन्नडनंच मला तुर्की शिकवली. घर म्हणजे एव्ह, घरात म्हणजे एव्हदे, आमच्या घरांत म्हणजे एव्हलेरिमिझदे. वर्गातला एक जर्मन पोरगा हे शेपूट बघून रडकुंडीला आला. मला मनेयल्लि, मनेगळल्लि आठवलं, आणि गाडी चालू लागली.

नावाचंही असंच. परवान्याच्या वेळी माझ्या पासपोर्टावर जन्मगाव बेलगाम आणि दुसऱ्या दाखल्यावर बेळगावी. खिडकीमागचा कारकून दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाला, हांगिसी? यातलं कुठलं? मी मोडक्या तुर्कीत म्हटलं, गाव एकच, कॉन्स्टँटिनोपल-इस्तंबूलसारखं. तो मनापासून हसला आणि मुहुर उमटवली. मुहुर म्हणजे आपली मोहर. गावानचा जीव घेणारी.

तुर्कीत शिकलेल्या माणसाला 'मुरेक्केप यालामिश' म्हणतात, शाई चाटलेला. जुने लेखनिक चुकलेलं अक्षर जिभेनं पुसत, त्यावरून. आमच्याकडच्या पुढाऱ्यांना लावायला हा शब्द उपयोगी नाही. त्यांच्यासाठी तब्रीझवाल्यानं दुसरा दिला. फारसीत हुक्का म्हणजे मूळची डबी, लहानसं झाकणाचं भांडं. डब्यांचा हातचलाखीचा खेळ करणारा तो हुक्केबाज, आणि आजच्या इराणात हुक्केबाज म्हणजे सरळ लबाड. आपल्याकडं तीच डबी तंबाखूच्या धुराखाली गेली आणि हुक्का झाली. (बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरीशी याचा काही संबंध नाही, तालुक्यातले लोक रागावण्याआधी सांगतो.) तुर्कांनी त्याच डबीत शाई भरली. इथं 'होक्का' म्हणजे दौत. दिवीत प्रवासाची, होक्का मेजावरची.

तो पितळी दिवीत मला परवडला नाही. त्याच दुकानात एक होक्का होता, चिनी मातीचा, निळ्या फुलांचा, मुठीत मावणारा. दुकानदारानं आत रेशमाचा एक गुंता घालून दिला. त्याला लिका म्हणतात. शाई सांडू नये आणि बोरू खोल बुडू नये म्हणून. बुर्सा रेशमाचं गाव, इथं तो फुकट मिळायचा म्हणे. आज्जा दौतीत चिंधीचा बोळा घालायचा, कशाला ते मला तेव्हा कळलं. होक्का मी गावी निघालेल्या एका मित्राबरोबर मामाला पाठवला. म्हटलं, यंदा पाटावर आमच्याकडचीही एक असू दे; मामेभाऊ तिला काय म्हणतो बघू.

पंधरा दिवसांनी फोन केला. पोचला का, आवडला का, पूजेला ठेवणार ना.

"पोचला," मामा म्हणाला. "पण मला कुठला मिळतोय? आल्या दिवशीच तुझ्या मामीनं आतलं ते रेशीम काढून टाकलं आणि देवघरात नेला. कुंकू भरून ठेवलंय त्यात."